आत्यांचा फोन आता मी वाचत नाही



गेल्या महिन्यात मंडळाची बैठक झाल्यावर सगळ्या जणी गप्पा मारत उभ्या होत्या. आमच्या आत्या एका बाजूला खुर्चीवर बसून कानात इअरफोन घालून फोनवर बोट फिरवत होत्या. ते बघून एक ओळखीची बाई मला हळूच म्हणाली, "त्यांना दिसत नाही ना गं? मग हा टचस्क्रीनचा फोन कशाला दिलास? साधा बटणांचा बरा नव्हता का?"

विचारणारीच्या मनात वाईट काही नव्हतं. चार वर्षांपूर्वी मीही हेच म्हणाले होते, आणि तेही आत्यांच्या तोंडावर. म्हणून आजचा लेख त्या बाईला उत्तर म्हणून लिहितेय, आणि थोडा माझ्या स्वतःसाठीही. आपल्या प्रत्येकीच्या नात्यागोत्यात एखादी काकू, एखादे आजोबा, एखादी भाची असतेच, जिची नजर गेली आहे किंवा जात चालली आहे.

आत्या म्हणजे माझ्या मिस्टरांच्या आत्या. प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. काचबिंदूने नजर हळूहळू आत येत गेली आणि चौपन्नाव्या वर्षी संपली. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. काका गेल्यावर त्या आमच्याकडे राहायला आल्या. त्यांच्याकडे फोन होता, पण तो खरं तर मीच वापरत होते. फोन लावून देणं, व्हॉट्सॲपचे निरोप वाचून दाखवणं, उत्तरं टाइप करणं, सगळं मी करायची. मला त्याचा थोडा अभिमानही होता.

मग एका अष्टमीला त्यांचा उपवास होता आणि त्यांच्या भाचीचा निरोप आला. आत्यांची थोरली बहीण न्हाणीघरात पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं. मी निरोप मनातल्या मनात वाचला. आत्यांना रक्तदाब आहे, त्यात उपवास. म्हटलं, उद्या सांगू. मोठ्याने म्हणाले, "सगळे बरे आहेत म्हणे." दुसऱ्या दिवशी पाहुणे आले, तिसऱ्या दिवशी माझंच धैर्य होईना. चौथ्या दिवशी बहिणीचाच फोन आला. "तुला कळवलं होतं, तरी तू एक फोन केला नाहीस?"

आत्या माझ्यावर ओरडल्या नाहीत. संध्याकाळी एवढंच म्हणाल्या, "निरोप मला आला होता ना? मग तो मला का नाही मिळाला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी काळजीपोटी केलं होतं, पण खोटं बोलले होते, आणि तेही अशा माणसाशी ज्याला ते तपासून बघता येत नव्हतं. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "तो बोलणारा फोन असतो म्हणतात, तो मला शिकायचाय." तेव्हा मी म्हणाले होते, "आत्या, या वयात? त्याला बटणंही नसतात. तुम्हाला नाही जमायचं."

हात मागे घ्या

आमच्या ओळखीत एक तरुण आहे, जन्मापासून अंध, बँकेत नोकरीला. त्याला विनंती केली, तो चार रविवार आला. पहिल्याच दिवशी त्याने मला सांगितलं, "काकू, तुम्ही हात मागे घ्या. त्या चुकल्या तरी फोनला हात लावायचा नाही." मला राग आला होता. आता वाटतं, सगळ्या शिकवणीत तेच सगळ्यात महत्त्वाचं वाक्य होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पडद्यावर जे लिहिलेलं असतं ते बोलून दाखवणारी सोय फोनमध्येच असते. तिला स्क्रीन रीडर म्हणतात. अँड्रॉइड फोनवर तिचं नाव टॉकबॅक, आयफोनवर व्हॉइसओव्हर. त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत, महागाचा फोनही लागत नाही. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी नावाचा भाग असतो, तिथे ही सोय सापडते. बोलण्याची भाषा मराठी ठेवता येते, वेग कमीजास्त करता येतो.

टॉकबॅक चालू झाला की फोनची चालच बदलते. बोट ठेवलं की तिथे काय आहे ते फोन सांगतो, पण उघडत नाही. उघडायला दोनदा टकटक करायची. उजवीकडे बोट सरकवलं की पुढची गोष्ट, डावीकडे सरकवलं की मागची. पान वर सरकवायला दोन बोटं. म्हणून डोळस माणूस असा फोन हातात घेतो तेव्हा त्याला वाटतं फोन बिघडला. आवाजाची दोन्ही बटणं काही सेकंद एकत्र दाबून टॉकबॅक चालू-बंद करता येतो, तसा शॉर्टकट लावून ठेवलेला बरा.

गंमत बघा, असा गुळगुळीत काचेचा फोन अंधांना वापरता यावा म्हणून सुरुवातीला ज्यांनी डोकं लढवलं, त्यांच्यापैकी एक आपल्या पुण्याचे. टी. व्ही. रामन. त्यांची नजरही काचबिंदूनेच गेली, वयाच्या १४व्या वर्षी. पुण्यात वाडिया कॉलेजात गणित शिकले, मग मुंबईची आयआयटी, मग अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात डॉक्टरेट, आणि पुढे गूगलमध्ये संशोधक. बटणं नसलेल्या पडद्यावर नंबर कसा फिरवायचा? त्यांची युक्ती साधी होती. बोट पहिल्यांदा जिथे टेकेल तिथे ५ आहे असं फोनने धरायचं, बाकीचे आकडे त्याच्या आजूबाजूला. म्हणजे बोटाने आकडा शोधत फिरायचं नाही, आकडेच बोटाजवळ येतात. आत्यांना हे सांगितलं तर म्हणाल्या, "बघ. ज्याला गरज असते त्यालाच सुचतं."

त्यांना शिकायला सुमारे दीड महिना लागला. मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी, त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा जास्त. आणि मधल्या काळात त्या तरुणाने मला एक गृहपाठ दिला. माझ्या फोनवर टॉकबॅक लावायचा, त्यातली पडदा काळा करायची सोय चालू करायची आणि एक निरोप पाठवून दाखवायचा. अर्धा तास झगडून मी नणंदेला "हो येते" एवढंच पाठवू शकले, तेही चुकून दोनदा. तुम्ही एकदा करून बघाच. घरातल्या अंध माणसाला "किती वेळ लागतो तुम्हाला" असं म्हणायची सवय त्या दिवशी सुटते.

आत्यांची आवडती ॲप्स

आता मुद्द्याची गोष्ट. खूप जणी विचारतात, कुठली ॲप्स घालून देऊ? मी आत्यांच्या वापरातली सांगते, आणि ती का आवडतात तेही.

पहिलं मणि. हे रिझर्व्ह बँकेचं ॲप आहे, १ जानेवारी २०२० पासून आलेलं. नोट कॅमेऱ्यासमोर धरली की किती रुपयांची ते बोलून सांगतं. इंटरनेट लागत नाही, मराठीतही बोलतं. बोलण्याऐवजी थरथरूनही सांगू शकतं, म्हणजे चारचौघांत आपल्या हातात किती आहेत ते मोठ्याने सांगायची गरज नाही. २०१६ नंतरच्या नव्या नोटा आकाराने फार जवळजवळच्या आहेत. शंभराची १४२ मिलिमीटर लांब, दोनशेची १४६, पाचशेची १५०, आणि तिघींची रुंदी एकच, ६६ मिलिमीटर. चार मिलिमीटरचा फरक बोटाने ओळखायचा, तोही बाजारात उभं राहून! कडेला उठावाच्या रेघा आहेत, शंभराला चार, दोनशेला चार रेघा आणि मध्ये दोन वर्तुळं, पाचशेला पाच. पण नोट चार दिवस वापरली की उठाव बसून जातो. आता आत्या घरी बसून नोटा ओळखतात आणि पाकिटाच्या वेगवेगळ्या कप्प्यांत लावून ठेवतात. एक मात्र लक्षात ठेवा, हे ॲप नोट केवढ्याची ते सांगतं, खरी की खोटी ते नाही.

पूर्वी भाजीवाल्याला पैसे देताना आत्या मला नोट दाखवायच्या आणि मी "हो, शंभरच आहे" म्हणायची. परवा दाराशी केळीवाला आला तेव्हा त्यांनी मला हाक मारली नाही. घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे, आपल्या हातातले पैसे आपल्याला मोजता येणं म्हणजे काय.

दुसरं, वाचून दाखवणारी ॲप्स. गूगलचं लूकआउट आणि मायक्रोसॉफ्टचं सीइंग एआय. सीइंग एआय २०१७मध्ये आधी आयफोनवर आलं, अँड्रॉइडवर २०२३च्या अखेरीस. ते बनवणाऱ्या चमूचे प्रमुख साकिब शेख हे स्वतः अंध आहेत. दोन्ही ॲप्स फुकट आहेत. कॅमेरा पाकिटावर धरायचा, वरचं लिखाण ती वाचून दाखवतात. लूकआउट आपल्या नोटाही ओळखतं.

आपल्या घरांत याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. पाकिटावरचा हिरवा ठिपका शाकाहारी एवढंच सांगतो. आत कांदा-लसणाची पावडर आहे का, बटाट्याचा स्टार्च आहे का, हे बारीक अक्षरांतल्या यादीतच बघावं लागतं. आणि तो हिरवा ठिपका तरी अंधाला कुठे दिसतो? तो उठावाचा नसतो, हाताला सपाटच लागतो. आत्यांचा कंदमुळांचा त्याग लग्नाआधीपासूनचा. नजर गेल्यावर बारा वर्षं त्यांचा नियम आमच्या डोळ्यांवर चालला होता. आम्ही घाईत "चालतंय, घ्या" म्हटलं की त्या घ्यायच्या. आता बिस्किटाचा पुडा असो की फरसाण, आधी स्वतः वाचून घेतात. दोनदा त्यांनी मी आणलेली पाकिटं परत द्यायला लावली. यादीत नुसतं "मसाले" लिहिलं असेल तर मात्र फोनही हात टेकतो.

याच्याही मर्यादा आहेत. इंग्रजी छापील मजकूर फोन छान वाचतो, देवनागरीत जोडाक्षरांशी अजून अडखळतो. चकचकीत, चुरगळलेल्या पाकिटावर घोळ होतो. एकदा एका ॲपने मुदतीच्या तारखेतला ३चा ८ केला आणि तोही अगदी ठाम आवाजात. म्हणून आमच्या घरी औषधांसाठी ॲपवर भरवसा नाही. तिथे जुनीच पद्धत आहे, सकाळच्या गोळ्यांच्या डबीला एक रबरबँड, रात्रीच्या डबीला दोन. धान्य निवडायलाही फोन नको. आत्या बोटांनी खडे काढतात, मी डोळ्यांनी किडे बघते, आणि गप्पा दोघींच्या. सगळ्याला ॲप हवंच असं नाही.

तिसरं, बी माय आइज. हे हान्स यॉर्गन विबर्ग नावाच्या डेन्मार्कच्या गृहस्थांनी सुरू केलं, त्यांचीही नजर अधू आहे. २०१५मध्ये ते आलं. अंध माणसाने बटण दाबलं की जगात कुठेतरी बसलेल्या, तीच भाषा बोलणाऱ्या एखाद्या डोळस स्वयंसेवकाला व्हिडिओ फोन जातो. कॅमेऱ्यातून बघून तो सांगतो. पैसे नाहीत, नाव-गाव विचारणं नाही. मदत घेणाऱ्यांपेक्षा मदत देणारे तिथे कितीतरी पटींनी जास्त आहेत. मैत्रिणींनो, तुम्हीही तिथे नाव नोंदवू शकता. दुपारच्या निवांत वेळेत दोन मिनिटांची सेवा होते, घर सोडावं लागत नाही.

सुरुवातीला मला ते आवडलं नव्हतं. परक्या माणसाला घर कशाला दाखवायचं? आत्यांनी त्याचा पहिला उपयोग केला तो मंदिरात जायच्या साडीवर डाग आहे का ते विचारायला. मी घरातच होते. विचारलं, "मला का नाही विचारलंत?" तर म्हणाल्या, "तू म्हणतेस, काही नाही दिसत. त्या मुलीने सांगितलं, पदराला हळदीचा डाग आहे." मी गप्प बसले. तेवढं खरं मी सांगितलं नसतं, त्यांना वाईट वाटेल म्हणून.

हल्ली या ॲपमध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेची सोयही आहे, फोटो काढला की त्यात काय आहे त्याचं वर्णन मिळतं. उपयोगी आहे, पण वरची ३ आणि ८ची गोष्ट विसरू नका. आणि बँकेची कागदपत्रं, कार्ड, ओटीपी, हे कुठल्याच परक्याला कॅमेऱ्यात दाखवायचं नाही, हा नियम आम्ही पहिल्याच दिवशी केला.

चौथं, साधं व्हॉट्सॲप. आत्या टाइप कमी करतात, आवाजाचे निरोप जास्त पाठवतात. पण आलेला लिखित निरोप टॉकबॅक त्यांना वाचून दाखवतो, इअरफोनमधून, फक्त त्यांना.

याशिवाय काही लहान गोष्टी. आकाशवाणीसाठी प्रसार भारतीचं न्यूजऑनएअर आहे, त्यामुळे जुना रेडिओ बिघडल्याचं दुःख गेलं. प्रवासात व्हेअर इज माय ट्रेन, ते मोबाइलच्या टॉवरवरून गाडी कुठे आली ते सांगतं, म्हणून गाडीत इंटरनेट गेलं तरी चालतं. आणि गूगल असिस्टंट. आत्यांचा रात्रीभोजनाचा त्याग आहे. सूर्य किती खाली आला हे त्यांना दिसत नाही, ढगाळ दिवसात ऊन हाताला लागत नाही. पूर्वी चार वाजल्यापासून विचारायच्या, "अजून आहे ना उजेड?" आता फोनला मराठीतच विचारतात, आज सूर्यास्त किती वाजता? आणि मग मलाच बजावतात, "पंचवीस मिनिटं राहिली, पानं घे."

पुस्तकांसाठी सुगम्य पुस्तकालय आहे. ज्यांना छापील पुस्तक वाचता येत नाही अशांसाठी २०१६मध्ये सुरू झालेलं हे सरकारी ऑनलाइन वाचनालय. अंधांसाठी पुस्तकं सुलभ रूपात आणणं सोपं व्हावं म्हणून २०१३मध्ये माराकेश इथे आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि त्याला मान्यता देणारा पहिला देश आपला भारत होता, २०१४मध्ये. हे मला आत्यांनीच सांगितलं. शिक्षिका होत्या ना!

जिथे फोन मुका होतो

इतकं सगळं असून आत्या रोज कुठेतरी अडतात. आणि ते त्यांच्या वयामुळे नाही.

एका ॲपमध्ये बटणांना नावंच दिलेली नाहीत. डोळसाला तिथे चित्र दिसतं, टॉकबॅक मात्र "बटण, बटण, बटण" एवढंच म्हणत राहतो. एका ठिकाणी वेडीवाकडी अक्षरं ओळखा म्हणतात, तिथे ऐकायचा पर्याय नाही. घरबसल्या केवायसी करताना सेल्फी काढून "डोळे मिचकवा" असं सांगितलं गेलं. आत्यांना ते यंत्राला पटेल असं करताच येईना. चार वेळा प्रयत्न करून शेवटी रिक्षाने शाखेत गेलो. तिथे त्यांच्यासमोर मला विचारण्यात आलं, "यांना सही येते का?" बत्तीस वर्षं मुलांची प्रगतिपुस्तकं सह्या करून दिलेल्या बाईबद्दल!

त्याबाबतीत एक चांगली गोष्ट घडली आहे. ३० एप्रिल २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून आणि दृष्टिहीन वकील अमर जैन यांच्या याचिकांवर न्यायमूर्ती पारडीवाला आणि न्यायमूर्ती महादेवन यांनी २० निर्देश दिले. डोळे मिचकवण्याला दुसरा पर्याय असला पाहिजे, हा त्यातलाच एक मुद्दा. आत्यांनी ती बातमी फोनवरच ऐकली आणि दोनदा ऐकली. निकाल प्रत्येक ॲपपर्यंत पोहोचायला वेळ लागेल. पण आपण तक्रार करायला हवी. ॲपच्या पानावर जाऊन "अंध व्यक्तीला हे बटण वाचता येत नाही" एवढं लिहायला आपल्याला दोन मिनिटं लागतात.

आणि जिथे आपण मुके करतो

बँकेला नावं ठेवणं सोपं आहे. पण आत्यांच्या फोनमध्ये रोज सगळ्यात जास्त मुका माल येतो तो आपल्याच गटांतून. सकाळी "सुप्रभात"ची चित्रं, ती एक वेळ सोडा. पण चातुर्मासाच्या प्रवचनाची वेळ, पारण्याची जागा, कुणाच्या निधनाची बातमी, हे सगळं आपण रंगीत पत्रिकेच्या फोटोतून पाठवतो. टॉकबॅक त्या सुंदर पत्रिकेला म्हणतो, "फोटो." संपलं. गेल्या वर्षी आत्यांच्या बरोबरीच्या मैत्रिणीच्या घरची बातमी अशीच फोटोत आली, आणि त्यांना ती कळली तेव्हा सगळे विधी आटोपले होते. एकदा माझ्यामुळे निरोप हुकला होता, या वेळी सगळ्या गटामुळे हुकला.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. अंध माणसाला आपण फोन देतो ते फक्त यंत्र. त्याच्यापर्यंत निरोप पोहोचायचा असेल तर आपल्या चार सवयी बदलायला हव्यात.

पत्रिकेचा फोटो पाठवलात तर खाली दोन ओळी लिहा. कोण, काय, कुठे, किती वाजता. सजावट राहू द्या, पण मजकूरही असू द्या.

स्तोत्रं, पूजा, पंचांग पाठवताना पानाचा फोटो किंवा जुन्या फाँटमधली फाइल पाठवू नका. युनिकोड मराठीत टाइप केलेलं असेल तरच स्क्रीन रीडर ते नीट वाचतो, नाहीतर भलतंच काहीतरी बरळतो. मंडळातल्या ज्या मुली भराभर टाइप करतात त्यांनी रोज एक पान केलं तरी वर्षात केवढं काम होईल! आणि ते फक्त अंधांच्या नाही, ज्यांचा चष्मा जाड होत चाललाय अशा सगळ्यांच्या कामी येईल.

त्यांचा फोन न विचारता हातात घेऊ नका. घेतलात तर काय केलंत ते सांगा. एक ॲप जागचं हलवलं तरी त्यांना ते पुन्हा शोधावं लागतं. आमच्या घरी एकदा मुलाने "नीट लावून देतो" म्हणून सगळी ॲप्स नव्याने मांडली, आणि आत्यांना दोन दिवस फोन लावता आला नाही.

आणि चौथी सवय, माझ्यासारखीची. कधी वाचून दाखवायची वेळ आलीच तर जे लिहिलंय ते पूर्ण वाचा. गाळू नका, गोड करू नका. सत्य आणि अचौर्य ही व्रतं आपण लहानपणापासून म्हणतो. दुसऱ्याला आलेला निरोप त्याला न देणं हे दोन्हींत बसत नाही, हे मला कळायला पन्नाशी यावी लागली.

त्या बाईने विचारलं होतं, एवढा फोन कशाला. आत्यांची बहीण आता काठी घेऊन चालते. रोज रात्री साडेआठला दोघींचे आवाजाचे निरोप सुरू होतात. दाराबाहेरून जाताना आत्यांचं हसू ऐकू येतं. कशावर हसतात, मला माहीत नाही. इअरफोन त्यांच्या कानात असतो. मी विचारत नाही.

जय जिनेंद्र.